पेटीत शिरलेला परवचा

२ डिसेंबर २००४ या दिवशी जपानमध्ये निंटेंडो कंपनीचे ‘डीएस’ नावाचे, हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आले. त्याला वही उघडावी तसे दोन पडदे होते आणि खालच्या पडद्यावर बारीक काडीने लिहिता येत असे. अशा दिवशी कंपनीच्या अध्यक्षाने दुकानांसमोरच्या रांगा पाहाव्यात, पत्रकारांना भेटावे. सातोरु इवाता मात्र त्या दिवशी तोहोकु विद्यापीठातल्या एका मेंदूशास्त्रज्ञाला भेटत होते. र्‍युता कावाशिमा यांना तेवढाच एक तास मोकळा होता. त्या तासाचे तीन तास झाले, असे इवातांनी पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या गेम-निर्मात्यांच्या परिषदेत सांगितले. नऊ माणसांच्या चमूने सुमारे ९० दिवसांत जो खेळ तयार केला, तो १९ मे २००५ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. इंग्रजीत त्याचे नाव ‘ब्रेन एज’ पडले, युरोपात ‘ब्रेन ट्रेनिंग’.

या खेळात राक्षस मारायचे नव्हते की गाड्या पळवायच्या नव्हत्या. वीस सोपी गणिते भराभर सोडवायची, मग शंभर. एखादा उतारा मोठ्याने वाचायचा. रंगाचे नाव दुसऱ्याच रंगात लिहिलेले असताना रंग ओळखायचा. शब्द पाठ करायचे. यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे आणि काडीने उत्तर लिहायचे. शेवटी कावाशिमांचा तरंगता चेहरा तुमच्या ‘मेंदूचे वय’ सांगणार. वीस हे उत्तम, ऐंशी म्हणजे काळजीचे. वेग वाढत गेला की चालणाऱ्या माणसाच्या चित्रापासून थेट रॉकेटपर्यंत बढती. या एका खेळाच्या सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्या. पुढे अमेरिकेत तर सुधारित ‘डीएस लाइट’ यंत्र आणि हा खेळ एकाच खोक्यात घालून विकले गेले. ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता अशा प्रौढ माणसांसाठी तो जोड होता.

आता ही यादी पुन्हा वाचावी. सोपी गणिते वेगाने, उतारा मोठ्याने, पाठांतर रोज ठरल्या वेळी, थोडा वेळ. महाराष्ट्रात ज्याचे बालपण दिवेलागणीला देवापुढे बसून गेले आहे, त्याला हे नवे वाटणार नाही. याला आपल्याकडे परवचा म्हणत.

परवच्याचा इतिहास आपण नीट लिहिलेला नाही. आठवणी पुष्कळ आहेत. जवळजवळ प्रत्येक मराठी आत्मचरित्रात पंतोजी, त्यांची छडी आणि पाढे एकदा तरी येऊन जातात. पण पाढे नेमके कशासाठी होते, कोणासाठी होते आणि कधी निरुपयोगी झाले, हे प्रश्न आठवणींच्या उबेत बाजूला पडतात. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. निंटेंडोचे यंत्र या भागात दुकानाच्या काचेआड कधी दिसले नसेल. पण ज्या कौशल्याचा तो खेळ बनवला गेला, त्याचा बाजार इथे जुना आहे. धान, उधारी आणि माप यांचा हिशेब तोंडी होत असे, तोवर पाढे ही इथली गरज होती.

मराठी मुलाने पाठ करायची उजळणी केवढी होती ते पाहू. दोनपासून तीसपर्यंतचे पाढे ही झाली नुसती सुरुवात. त्यानंतर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत औट होऊन आला. चौथ्यातला अर्धा, म्हणजे तीन पूर्ण आणि अर्धा. औट घटकेचे राज्य म्हणणाऱ्याला आज आपण साडेतीन घटका म्हणतो आहोत याची जाणीव नसते. शंभराच्या पुढे गेले की पाढ्यांची भाषाही बदले. एकशे पाचला ‘पाचोदरसे’, एकशेवीसला ‘वीसासे’. हे शब्द पाढ्यांबाहेर फारसे कुठे राहिले नाहीत. बे दुणे, बे त्रिक, बे चोक, बे पंचे ही चाल तर बोलीत इतकी मुरली आहे की गणित न येणाऱ्यालाही ती येते.

जपानी मुले याच्या तुलनेत फारच थोडे पाठ करतात. त्यांच्या पाढ्यांना ‘कुकु’ म्हणतात, म्हणजे ‘नऊ-नऊ’, आणि ते नऊ नव्वे एक्याऐंशीवर थांबतात. ही परंपराही जुनी. आठव्या शतकाच्या आसपासच्या लाकडी पट्ट्यांवर पाढे लिहिलेले सापडले आहेत, आणि ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहात एक्याऐंशी हा आकडा लिहून तो ‘कुकु’ असा वाचायला लावण्याची गंमतही आहे. तिथल्या गावशाळांचे सूत्र होते वाचन, लेखन आणि सोरोबान, म्हणजे मण्यांची गणनपट्टी. जड हिशेब मण्यांवर होई. आपल्याकडे मणी नव्हते, म्हणून तो सगळा भार जिभेवर आला, असे मला वाटते. तीस गुणिले दहा आणि वर सात अपूर्णांकी पाढे हा त्या भाराचा आकार आहे.

पण पावकी-दिडकीच का? उत्तर नाण्यांत आणि मापांत आहे. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. या सगळ्या मोजणीचा पाया अर्धे करण्यात आहे. सोळाचे अर्धे आठ, म्हणजे अधेली. आठाचे अर्धे चार, म्हणजे पावली. दशांश चिन्ह इथे निरुपयोगी, पाव आणि पाऊण हेच खरे आकडे. साडेतीन आणे शेराने सात शेर तूप घेतले तर किती? औटकी येणारा माणूस सातावर साडेचोवीस म्हणतो. साडेचोवीस आणे म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, अर्थात दीड रुपया आणि वर दोन पैसे. कागद लागत नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. धान उसने देण्याघेण्याचे जे जुने दर होते, त्यांची नावेच पाढ्यांची नावे आहेत. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सव्वापट परत करायचे ती सवाई, दीडपट करायचे ती दिडी. मराठीत ‘वाढीदिढी’ हा शब्दच धान्याच्या व्याजासाठी आहे. मध्य प्रांतातल्या धानपट्ट्यात, ज्यात १८६१ नंतर भंडाराही होता, हे व्यवहार सर्रास चालत. समजा एका कुणब्याने आठ पायल्या दिडीने घेतल्या आणि पीक बुडाले. पहिल्या सुगीला देणे बारा, दुसऱ्या सुगीला अठरा, तिसऱ्या सुगीला सत्तावीस. ज्याला दिडकी येत होती त्याला हे पहिल्याच दिवशी दिसत होते. ज्याला येत नव्हती त्याला ते सत्तावीस झाल्यावर कळत असे, आणि तेही सावकाराच्या वहीतून.

म्हणून परवच्याच्या गोड आठवणी वाचताना एक प्रश्न विचारावाच लागतो. या ओट्यावर कोण बसले होते? गावशाळा प्रामुख्याने कुळकर्णी, वाणी, सोनार अशा लिखापढीच्या आणि व्यापाराच्या घरांतल्या मुलग्यांसाठी होत्या. मुली नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती. शेतकऱ्याचे पोर क्वचित. ज्याच्याविरुद्ध दिडकी वापरली जाई, तोच तिच्यापासून दूर ठेवला गेला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा जमावाचा रोख सावकारांपेक्षा त्यांच्या कागदांवर, कर्जरोख्यांवर अधिक होता. जो हिशेब वाचता येत नाही तो जाळणे एवढेच हाती उरते.

महात्मा फुल्यांना ही गाठ अचूक सापडली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी आहे. तीत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे. बुद्धीला धार लावण्यासाठी गणित शिकवा, असा त्यांचा रोख नव्हता. रोख्यावर अंगठा उठवण्याआधी त्यावरचा आकडा कळावा, हा होता. इंग्रजी अमदानीत शाळेचे गणित मात्र हळूहळू छापील पुस्तकाकडे सरकत होते. १८२० च्या दशकातच कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने युरोपीय गणित मराठीत आणले. पाटीवरचे गणित आणि तोंडचे गणित अशा दोन जाती तेव्हापासून शेजारी शेजारी नांदू लागल्या. पुढची शंभर वर्षे अंकलिपीच्या स्वस्त पुस्तकांनी तोंडचे गणित तगवले.

त्याला खरा धक्का शाळेने दिला नाही, टांकसाळीने दिला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. पुढच्याच वर्षी, १९५८ च्या ऑक्टोबरपासून, किलो आणि ग्रॅम येऊ लागले, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीस शेर-मण कायद्याने बाद झाले. एका पिढीत सोळाही गेले आणि चाळीसही. पावकीखालची जमीनच सरकली. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हे म्हणता म्हणता रूढ झाले, पण साडेतीन आण्यांचे काय करायचे? औटकीला गिऱ्हाईक उरले नाही. तरीही ती अंकलिपीत छापली जात राहिली आणि काही मास्तर ती म्हणवून घेत राहिले. विचारले तर कारण सांगत की बुद्धीला व्यायाम होतो.

माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत बोलके वळण आहे. जोवर पाढ्यांनी धान मोजले जात होते तोवर त्यांना कोणी व्यायाम म्हटले नाही. नांगरणाऱ्याला जोर-बैठकांची पुस्तके लागत नाहीत. काम संपले, मग व्यायाम सुरू झाला. १९८० नंतर खिशातले गणनयंत्र स्वस्त झाले, २००३ मध्ये ‘नोकिया ११००’ हा फोन आला आणि जगभरात त्याचे सुमारे २५ कोटी नग खपले. हातात मावणारे यंत्र आणि सोबत आयता खेळ, हे मिश्रण आपल्या खेड्यांत आले ते याच फोनच्या रूपाने, आणि खेळ होता सापाचा. त्याच फोनमध्ये बेरीज-वजाबाकीचे यंत्रही होते. एकीकडे पोरे साप लांबवत होती, दुसरीकडे दुकानदाराची दिडकी त्याच डबीत विरत होती. दोनच वर्षांनी क्योतोच्या कंपनीने तेच तोंडचे गणित दुसऱ्या डबीत घालून विकायला काढले.

यंत्रासोबत खेळ जोडून देण्याची निंटेंडोची रीत जुनी. कंपनी मुळात १८८९ सालची, फुसाजिरो यामाउची यांनी काढलेली, आणि तिचा पहिला माल म्हणजे ‘हानाफुदा’ हे फुलांचे पत्ते. (पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द. आपल्या सावंतवाडीच्या एकशेवीस पानी दशावतारी गंजिफाही हातात धरायच्या. पडलेली पाने लक्षात ठेवल्याशिवाय तो डाव जिंकता येत नाही. बुद्धीच्या खेळाचा संच म्हणून त्याची जाहिरात कोणी केली नाही, एवढेच.) कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी आगगाडीत गणनयंत्राची बटणे चाळवत बसलेला एक कंटाळलेला नोकरदार पाहिला आणि त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशातला खेळ निघाला, अशी गोष्ट सांगतात. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ अमेरिकेत गेला तो ‘टेट्रिस’ सोबत घेऊन. टेट्रिस हा आलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेला ठोकळ्यांचा खेळ. त्याने मोठ्या माणसांनाही यंत्र घ्यायला लावले. टेट्रिसचीच स्वस्त नक्कल पुढे ‘ब्रिक गेम’ या नावाने आपल्या जत्रांत आली.

कावाशिमांच्या बाबतीत एक गंमत सांगायला हवी. २००१ मध्ये त्यांचेच संशोधन इंग्रजी वर्तमानपत्रांत गाजले होते ते व्हिडिओ गेमच्या विरोधात. निंटेंडोचा खेळ खेळणारी मुले आणि एकेका अंकाची सलग बेरीज करणारी मुले यांच्या मेंदूंची त्यांनी तुलना केली, आणि बेरीज करताना मेंदूचा पुढचा भाग कितीतरी अधिक जागा दिसला. चार वर्षांनी तीच बेरीज निंटेंडोच्या पेटीत बसली. यातून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाच्या संशोधनाला दिला, हेही नोंदवले पाहिजे.

मग या व्यायामाने खरेच काही होते का? शंका जुनी आहे. लॅटिन आणि भूमिती यांनी बुद्धी सर्वच कामांसाठी तासली जाते असे युरोप-अमेरिकेतले शिक्षक मानत. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी प्रयोग करून दाखवले की एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला फार थोडा उपयोगी पडतो, तोही दोन्हींत काही सारखे असेल तर. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी ११,४३० माणसांवरचा सहा आठवड्यांचा अभ्यास छापला. खेळ निंटेंडोचा नव्हता, पण त्याच जातीचा होता. लोक ज्या कामाचा सराव करत होते त्यात ते पुढे गेले, बाहेर काही पडले नाही. फ्रान्समध्ये रेन विद्यापीठाच्या आलें लियरी यांनी दहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, त्यात कागद-पेन्सिलीने केलेली कोडी यंत्रापेक्षा कमी पडली नाहीत. उलट बाजूही आहे. २०१२ मध्ये कावाशिमांच्याच गटाने ३२ वृद्धांवर चार आठवड्यांचा प्रयोग केला. निम्मे ब्रेन एज खेळले, निम्मे टेट्रिस. पहिल्या गटाचा विचारांचा वेग आणि कामाची आखणी सुधारली, एकूण बुद्धिक्षमता आणि लक्ष मात्र सुधारले नाही. माणसे थोडी आहेत आणि परीक्षकच रचनाकार आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ या दुसऱ्याच एका बुद्धिव्यायामाच्या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली.

या निष्कर्षाने मराठी मास्तराचे वकीलपत्र अर्धे फाटते. औटकी पाठ केल्याने माणूस औटकीत तरबेज होतो, शहाणा होतोच असे नाही. पण उरलेले अर्धे वकीलपत्र मला महत्त्वाचे वाटते. ज्याला दिडकीच लागत होती त्याच्यासाठी दिडकीत तरबेज होणे हेच सर्व काही होते.

आकड्यांशी खेळणे वेगळे आणि आकड्यांचा व्यायाम वेगळा, हे समजायला देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांकडे जावे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले हे शाळामास्तर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे नोकरी करत राहिले आणि फावल्या वेळात आकड्यांच्या गमती शोधत राहिले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलेली गंमत अशी: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. ब्रेन एजचे साल २००५ घेऊ. ५२०० वजा ००२५ म्हणजे ५१७५. मग ७५५१ वजा १५५७ म्हणजे ५९९४. पुढे ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीवर ६१७४. इथून पुढे किती वेळा केले तरी ६१७४ हलत नाही. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत, आणि २००५ ला नेमक्या सातही लागतात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तोवर आपल्याकडच्या अनेक विद्वानांना यात गणित आहे असेच वाटत नव्हते. त्यांच्या खेळाला लागत होती पाटी. वेळ मोजणारे कोणी नव्हते आणि मेंदूचे वय सांगणारेही नव्हते.

पाठांतराच्या प्रश्नाने महाराष्ट्रात शेवटचा मोठा गदारोळ झाला तो २०१९ च्या जून महिन्यात. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन दिले गेले. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात जोडाक्षरांची भर, म्हणून लहान मुले अडखळतात. जपानी भाषेत एकवीसला ‘दोन-दहा-एक’ म्हणतात, तिथे ही अडचण येतच नाही. पण वाद गणिताचा राहिलाच नाही, भाषेच्या अस्मितेचा झाला आणि विधिमंडळापर्यंत गेला. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांना पाऊणकी येत होती, हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

कावाशिमांच्या कामाचा एक भाग मात्र जाहिरातींत कमी दिसला. खेळाच्या आधीपासून ते कुमोन या शिकवणीसंस्थेबरोबर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी ‘अध्ययन-उपचार’ चालवत होते. २००५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. त्यात यंत्र नाही. कागदावरची सोपी गणिते, मोठ्याने वाचायचा उतारा, आणि समोर बसून ऐकणारा, बरोबर आले की तसे सांगणारा एक माणूस. गुण गणिताचा किती आणि त्या माणसाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. डीएसच्या पेटीत गणिते गेली, उतारे गेले, समोरच्या माणसाऐवजी कावाशिमांचा तरंगता चेहरा आला.

करडीच्या परिसरात आज धान क्विंटलने विकले जाते, काटा विजेवर चालतो आणि आधारभूत भावाचा, बोनसचा हिशेब फोनवर होतो. अंकलिपी अजून विकत मिळते. शेवटच्या पानांवर सवायकी आणि दिडकी असते, पण पान उघडून ती म्हणून घ्यायला कोणी बसत नाही. सवाई आणि दिडीचे दर मात्र अजून कुठे कुठे चालू आहेत, आता त्यांना महिन्याचे टक्के म्हणतात.